मैनेचा मागचा डावा पाय: २३ सप्टेंबर ते १४ एप्रिल

पसरणी घाटाच्या पायथ्याला आमचं घर. तीन घोडी आहेत. सीझनला ती पाचगणीच्या टेबललँडवर असतात आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं म्हणून खाली तबेल्यात. मैना त्यातली मधली, कुमैत म्हणजे तांबूस रंगाची, ७ वर्षांची. २०१९ ला आबांनी अकलूजच्या बाजारातून ६५ हजारांना आणली. तिचा पाय कापला त्या रात्रीपासून मी वहीत लिहीत गेलो. ज्याच्या जनावराला असंच लागलंय त्याला कामी यावं म्हणून इथे उतरवतोय. तेव्हा जे लिहिलं ते तसंच ठेवलंय. मागाहून कळलेलं जिथे घातलंय तिथे तसं सांगितलंय. औषधांचे डोस मुद्दाम लिहिले नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे.

२३ सप्टेंबर २०२३, शनिवार

गौरी-गणपतीचं विसर्जन. साडेसातला मिरवणूक तबेल्यासमोर आली. डीजेची भिंत, वर फटाक्यांची माळ. बाकीची दोन जागच्या जागी नाचली. मैनेने पिछाडी, म्हणजे मागच्या पायांची दोरी, तोडली आणि मागच्या शेतात गेली. तिथे रानडुकरांसाठी लावलेल्या काटेरी तारेचा जुना तुकडा गवतात पडला होता. तार कोणाची यावर वाडीत बरंच बोलणं झालं, मी त्यात पडलो नाही.

बॅटरीच्या उजेडात सापडली तेव्हा तीन पायांवर उभी होती. मागच्या डाव्या पायाची नळी समोरून सोललेली. वरच्या मोठ्या सांध्याच्या चार बोटं खाली सुरुवात, तिथून वीतभर. कातडीचा पदर खाली लोंबत होता आणि आत पांढरं हाड दिसत होतं. पाऊल टाकायला गेली की खूर पुढे मुडपायचा, खुराची पुढची बाजू जमिनीला घासायची. पाय मोडला असंच मी धरून चाललो.

एक गोष्ट बरी केली. तिला तिथून लगेच चालवलं नाही. घरातून धुतलेली सुती साडी आणली, चार घड्या करून जखमेवर घट्ट बांधली आणि पंधरा मिनिटं हात काढला नाही. रक्त थांबलं. मग हळूहळू, दर दहा पावलांना थांबत, तबेल्यात.

दुसरी गोष्ट वाईट केली. आबांनी साडी सोडून जखमेत दीड वाटी हळद दाबली. चाळीस वर्षं घोडी सांभाळलेला माणूस, मी काय बोलणार! तेवढ्यात डॉक्टरांचा फोन लागला. ते लांबच्या गावात अडलेल्या गाईपाशी होते. म्हणाले, उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, स्वच्छ ओलं कापड बांधून ठेवा, आत काही भरू नका, सकाळी सहाला येतो. काही लावलंय का, असंही विचारलं. मी म्हणालो, नाही.

हे खोटं पुढे दोन महिने अंगावर आलं. खरं सांगितलं असतं तर ते रात्रीच धुवायला लावणार होते, हे त्यांनी नंतर स्पष्ट सांगितलं.

२४ सप्टेंबर

डॉक्टर सहाला हजर. साडी सोडली, आत पिवळा गारा बघून माझ्याकडे एकदा बघितलं, बोलले काहीच नाहीत. गुंगीचं इंजेक्शन देऊन चाळीस मिनिटं नुसतं धुणं. लिटरभर उकळलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट दीड-दोन चमचे. असं नऊ लिटर पाणी गेलं. शेवटच्या पाण्यात थोडं पोव्हिडोन आयोडीन, रंग पातळ कोऱ्या चहासारखा होईल इतकंच. जास्त घट्ट केलं तर नवी पेशी मरते म्हणाले. हाडाच्या कडेला चिकटलेली हळद मात्र पूर्ण निघाली नाही. रात्रभर ते हाड तसंच वाळत होतं.

पाय मोडलेला नव्हता. नळीच्या पुढच्या बाजूची शीर तुटली होती, टेंडन म्हणतात ती. खूर पुढे उचलण्याचं काम तिचं, म्हणून खूर मुडपत होता. डॉक्टर म्हणाले, ‘मागची शीर तुटली असती तर मी आत्ता वेगळं बोललो असतो.’ मागच्या बाजूच्या शिरा घोड्याचं वजन पेलतात. पुढची तुटली तर तिची टोकं शिवायचीही गरज पडत नाही. खूर मुडपू दिला नाही तर मधली जागा भरून येते आणि घोडं बहुतेक वेळा कामाला लागतं. हे वाक्य मी वहीत दोनदा लिहून ठेवलं होतं.

कातडीचा पदर अर्धा शिवला, खाली पाणी निथळायला जागा ठेवली. धनुर्वाताची दोन इंजेक्शनं, दोन वेगळ्या जागी. घोड्याइतका धनुर्वात क्वचितच कुठल्या जनावराला लागतो, आणि शेवटची लस कधी दिली ते आमच्याकडे कुणालाच आठवत नव्हतं. आता तारीख तबेल्याच्या दारावर रंगाने लिहिली आहे.

आबांच्या कमरेसाठी घरात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन होतं, ते देऊ का विचारलं. डॉक्टर भडकले. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे. मेलेलं जनावर खाऊन गिधाडं संपली ती त्यामुळेच. दुखण्यावर त्यांनी मेलॉक्सिकॅम दिलं.

डोस ठरवायला वजन लागलं. मी ठोकून दिलं, साडेचारशे किलो. त्यांनी टेप काढला. पुढच्या पायांमागून छातीचा घेर १६० सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १५०. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. आलं ३२३ किलो. माझ्या हिशोबाने प्रत्येक डोस सव्वापटीहून जास्त गेला असता.

मग पट्टी. जखमेवर जाळी, तिच्यावर कापसाचे तीन रोल, प्रत्येक थर आधीच्याहून घट्ट, त्यावर क्रेप बँडेज. मागून आधाराला चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली पन्हळ, ३८ सेंटिमीटर, खुरापासून वर. पाइप आमच्या ठिबकवाल्याकडचा, फुकट.

२६ सप्टेंबर

पहिल्यांदा पट्टी मी बदलली, डॉक्टर नुसते बघत उभे. दीड तास लागला. आता पंचवीस मिनिटं लागतात. एक पट्टी बदलायला सरासरी ४३० रुपये. दर दोन दिवसांनी.

माझी कल्पना होती की दिवाळीपर्यंत, म्हणजे दीड महिन्यात, ही वर जाईल. डॉक्टरांना बोललो तर त्यांनी विषय बदलला.

३० सप्टेंबर

शिवलेल्या पदराचं टोक काळं पडलं, वास येतोय. मी घाबरून सकाळी सातला फोन केला. म्हणाले, हे होणारच होतं, टोकाला रक्त पोचत नाही. आठवडाभर तो पदर खालच्या मांसाला पांघरूण म्हणून कामी आला, एवढं पुष्कळ. काळा भाग कापून टाकला.

जखमेतून पाणी इतकं येतं की कापूस दुसऱ्या दिवशी ओला. मेडिकलवाल्याकडून बायकांचे मोठे पॅड आणायला लागलो, एका वेळी दोन पाकिटं. जाळीवर पॅड, मग कापूस. पॅड धाग्याने जखमेला चिकटत नाही आणि कापसाचा एक थर वाचतो. दुकानातला पोरगा पहिल्यांदा हसला, मग घोड्याची चौकशी करायला लागला.

७ ऑक्टोबर

नवीन जखम, आणि ही माझी. पन्हळीची वरची कड मोठ्या सांध्याच्या खाली मागून रुतली आणि रुपयाएवढी कातडी गेली. कारण साधं होतं. कापूस वाचवायला मी तीनाऐवजी दोन रोलवर आलो हे बरोबर होतं, पण वरच्या टोकाला कापूस पन्हळीच्या बाहेर दोन बोटं आला पाहिजे, तो मी आत संपवत होतो. पाइपच्या कडाही कानशीने घासल्या नव्हत्या. आता घासल्या, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. १५० रुपयांचा कापूस वाचवून तीन आठवड्यांचं दुखणं वाढवलं.

१२ ऑक्टोबर

आजपर्यंतची सगळ्यात वाईट संध्याकाळ, आणि डाव्या पायाचा त्यात संबंध नाही.

मैना उजव्या मागच्या पायावर वजन टाकून दिवसभर उभी असते. आज पाणी पाजताना तो पाय सारखा उचलून ठेवत होती. खूर हाताला गरम. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. खालच्या सांध्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोट ठेवायचं. निरोगी घोड्यात ती नाडी शोधावी लागते. आज ती बोटाला ठोके मारत होती.

चांगल्या पायावर फार दिवस भार पडला की खुराच्या आतलं अस्तर सुजतं, आणि वेळेत आवरलं नाही तर खुरातलं हाड सुटून खाली सरकतं. घोडी अशीच जातात. दुखरा पाय बरा होत असतो आणि चांगल्या पायाने घोडं संपतं. मी रोज डाव्या पायाचे फोटो काढत होतो, उजव्याला तीन दिवस हात लावला नव्हता.

त्यात दुसरा उलगडा झाला. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मी चार किलोवरून एक किलोवर आणली होती. उभ्या जनावराला भरडा जास्त झाला की हाच रोग धरतो. पण तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या खुराकाच्या पिशवीत, भिजवलेल्या हरभऱ्याची सालं सापडली. आबा पहाटे गुपचूप घालत होते.

‘आरं, हाडं दिसाय लागल्यात तिची. आजारी माणसाला कोन उपाशी ठेवतं व्हय?’

‘आबा, हिला हरभरा म्हणजे विष आहे सध्या.’

‘चाळीस वर्सं हरभऱ्यावरच घोडी वाढवल्यात मी.’

बोलणं वाढलं. शेवटी डॉक्टरांनी आबांचं बोट धरून त्या नाडीवर ठेवलं. आबा बराच वेळ तसेच वाकून राहिले. त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ उजव्या खुराची नाडी बघणं हे काम आबांचं. त्यांचं बोट माझ्यापेक्षा चांगलं चालतं.

वाईच्या बाजारातून बर्फाची लादी आणून उजवा पाय तीन दिवस बर्फाच्या पाण्यात, बादलीत. भाताच्या गिरणीतून तुसाची बारा पोती आणून वीतभर जाड गादी केली, म्हणजे खुराच्या तळव्यालाही आधार मिळतो आणि आडवं पडावंसं वाटतं. चौथ्या दिवशी ती दुपारी आडवी झाली. पहिल्यांदाच. मी पळत जाऊन बघितलं तर झोपली होती.

१६ ऑक्टोबर: उजवा खूर गार. नाडी शोधावी लागते.

२४ ऑक्टोबर, दसरा

बाकीच्या दोघांना धुऊन, हार घालून, पूजा झाली. मैनेला तबेल्यातच ओवाळलं. दुपारी दोघं घाट चढून गेली, सीझन सुरू. मैना संध्याकाळपर्यंत खिंकाळत राहिली, फेऱ्या मारायला लागली, पन्हळ सैल झाली. रात्री शेजारच्या मावशींची शेळी मागून आणली आणि आत बांधली. अर्ध्या तासात शांत. शेळी तीन महिने राहिली, तिचा खुराक आमच्याकडे. हा खर्च कुठल्या पावतीत येत नाही.

जखम मोजायची पद्धत: दुधाच्या पिशवीचं स्वच्छ प्लास्टिक वरून धरायचं, पेनाने कड गिरवायची, तारीख टाकून ठेवायची. आज ११ बाय साडेचार सेंटिमीटर. डोळ्याने रोज बघून काही कळत नाही, दोन प्लास्टिकं एकावर एक ठेवली की कळतं.

२७ ऑक्टोबर

लाल दाणेदार मांस कातडीच्या वर आलंय, फुलकोबीसारखं. वाडीतल्या एका जाणत्याने मोरचूद सांगितलं. द्राक्षबागेला मारतात तेच. म्हणाला, दोन दिवसांत मांस जाळून सपाट. पाव किलो आणलं, पूड करून लावलं. डॉक्टरांना विचारलं नाही. दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली.

२९ ऑक्टोबर

मांस जळलं खरं. पण कडेने जी निळसर गुलाबी नवी कातडी आत सरकत होती तीही जळली. प्लास्टिकवर मोजलं, दहा दिवसांची वाढ गेली होती.

डॉक्टरांनी वर आलेलं मांस ब्लेडने कातडीच्या पातळीला छाटलं. त्या मांसात संवेदना नसते. मैना कडबा खात उभी होती, गुंगीसुद्धा दिली नव्हती. रक्त मात्र इतकं की पहिल्यांदा बघणाऱ्याचे पाय लटपटतील. खालून वर छाटायचं, म्हणजे रक्ताने पुढचं झाकलं जात नाही. घट्ट पट्टी बांधली की दहा मिनिटांत थांबतं. घोड्याच्या गुडघ्याखालच्या जखमेत हे मांस उतू जातंच. त्यावर दोनच उपाय चालले: ब्लेड, आणि नंतर थोडे दिवस डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं मलम, पातळ हाताने. पुढे आणखी दोनदा छाटावं लागलं.

उरलेलं मोरचूद द्राक्षवाल्या मेव्हण्याला दिलं.

५ नोव्हेंबर

४३ वा दिवस. पन्हळ काढली. नालबंदाकडून खास नाल करून घेतली, पुढे दोन बोटं लांब चोच वेल्ड केलेली. तिच्यामुळे खूर मुडपायला गेला तर चोच आधी टेकते. नालबंदाने आयुष्यात अशी केली नव्हती, फोटो दाखवला तर हसला, पण एका तासात केली. ठोकताना मैनेला तीन पायांवर उभं ठेवायचं म्हणजे उजव्यावर भार, म्हणून दोन खिळे ठोकून पाच मिनिटं सोडायचं, असं चार वेळा. संध्याकाळी सहा पावलं टाकली, खूर एकदाही मुडपला नाही.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

वर टेबललँडला तोबा गर्दी. धाकटा भाऊ दोन घोड्यांवर दिवसभर फेऱ्या करतोय, मी इथे पट्टी सोडून बसलोय. जखमेच्या मधोमध एक भोक आहे, तांदळाएवढं. त्यातून पू येतो. आजूबाजूचं सगळं छान लाल आहे, हे एकच भोक दहा दिवस बुजत नाही. वरून बुजलं की दोन दिवसांत पाय सुजतो आणि पुन्हा फुटतं.

डॉक्टर म्हणाले, आत काहीतरी आहे, एक्स-रे हवा. शिरवळला चला.

१७ नोव्हेंबर, शिरवळ

क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय. टेम्पो ३,८०० रुपये, जाऊन-येऊन.

चढवण्यात एक तास गेला. फळीचा उतार जास्त होता, नंतर टेम्पो शेताच्या बांधाला मागून टेकवला आणि ती जवळजवळ सपाट चालत गेली. हे आधीच करायला हवं होतं. घोडं कुठल्या तोंडाने उभं करायचं हे लक्षात ठेवा. मागचा पाय दुखत असेल तर तोंड ड्रायव्हरकडे, कारण ब्रेक लागला की वजन पुढच्या पायांवर जातं. पुढचा पाय दुखत असेल तर उलटं. दोन्ही बाजूंना तुसाची पोती लावली, टेकायला. ड्रायव्हरला आधी सांगितलं होतं की खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं ते एसचं वळण वीसच्या वेगाने घ्यायचं. मागून हॉर्न वाजत होते, त्याने तिकडे लक्ष दिलं नाही, भला माणूस.

एक्स-रेमध्ये नळीच्या हाडावर एक कपची स्पष्ट वेगळी दिसत होती, तीन सेंटिमीटर लांब, नखाएवढी जाड. मेलेलं हाड. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की हाडावरचं पातळ पांघरूण सोलून गेलं आणि हाड उघडं वाळलं की वरचा पापुद्रा मरतो. शरीर त्याला परकं समजून बाहेर ढकलत राहतं, म्हणून पू. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे काढला असता तर कदाचित दिसलंही नसतं, पापुद्रा सुटायला वेळ लागतो. त्यांनी विचारलं, पहिल्या रात्री हाड ओलं ठेवलं होतं का. मी हळदीचं सांगितलं, या वेळी खरं. तारेनेच हाड सोललं होतं, त्यामुळे कपची कदाचित तरीही सुटली असती, असं ते म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील.

त्याच दिवशी, उभ्या घोडीवर, गुंगी देऊन आणि पाय बधिर करून कपची काढली. खालचं हाड खरवडून साफ केलं. मी मोरकी, म्हणजे तोंडाची दोरी, धरून उभा होतो. कपची ट्रेमध्ये पडली तेव्हा नाणं पडल्यासारखा आवाज झाला. ती मी डबीत घालून आणली, आबांना दाखवली. आबा काही बोलले नाहीत. डबी देव्हाऱ्याशेजारी ठेवली, का ते मी विचारलं नाही.

फी टेम्पोच्या भाड्याहून बरीच कमी झाली.

२ डिसेंबर

साडेसात बाय तीन. भोक गेलं. कपची निघाल्यापासून जखम जणू वेगळ्याच घोडीची आहे. पट्टी आता चार दिवसांनी.

९ डिसेंबर

थंडी म्हणून तुसावर भाताचा पेंढा अंथरला. तिने तो खाल्ला. रात्री लीद नाही, पोटाकडे वळून बघते, पाय आपटते. उभ्या घोडीचं आतडं आधीच सुस्त, त्यात कोरडा पेंढा, आणि थंडीत पाणी कमी प्यायलेलं. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून लिक्विड पॅराफिन दिलं. पहाटे चारला लीद पडली. लीद बघून एवढा आनंद कधी होईल असं वाटलं नव्हतं. पेंढा काढला. पाणी कोमट आणि चंदीत मूठभर मीठ, तेव्हापासून पाण्याच्या दोन बादल्या जास्त जातात. १,६०० रुपये आणि एक रात्र.

२० डिसेंबर

चालवायला सुरुवात. अंगणात, हातात धरून, पाच मिनिटं सकाळी, पाच संध्याकाळी. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढ. संध्याकाळी सांध्याभोवती धागा बांधून सूज मोजायची, वाढली तर दुसऱ्या दिवशी वाढ नाही.

नाताळचा सीझन गेला हे आता स्वीकारलंय.

२५ डिसेंबरला एक चूक झाली. उत्साहाने दावं लांब सोडलं. तीन महिने कोंडलेली घोडी, तिने चारी पाय हवेत घेतले. पाय तीन दिवस सुजला. मोरकीबरोबर नाकावर साखळी घालून मगच बाहेर काढायची, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. लिहूनही ठेवलं होतं.

१५ जानेवारी २०२४, संक्रांत

चालताना डावा पाय झटक्याने पोटाकडे वर घेते आणि मग ठेवते. प्रत्येक पावलाला नाही. मागे सरताना आणि डावीकडे वळताना जास्त. नळीच्या समोरच्या जखमेनंतर असं होऊ शकतं, व्रणात शीर चिकटते. दुखत नाही, दिसायला विचित्र दिसतं. चालण्याने कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही. रोज पाय हाताने उचलून हळूहळू मागे ताणायचा, वीस वेळा. हे काम मी करतो, आबा मोजतात. सतरानंतर त्यांची मोजणी नेहमी चुकते.

२४ फेब्रुवारी

जखम बंद. शेवटचं प्लास्टिक कोरं. जागेवर केस नाहीत, चकचकीत करडी कातडी, बोटभर रुंद. ऊन आणि माशांपासून जपायला खोबरेल तेल. पट्ट्या एकूण ४१.

आज बसून पावत्या जोडल्या. पट्ट्यांचं सामान १७,६३०. औषधं ७,८००. इथल्या डॉक्टरांच्या फेऱ्या ९,५००, पोटदुखीची रात्र त्यातच. टेम्पो दोनदा (टाके बघायला पुन्हा गेलो) ७,६००. शिरवळची फी २,१५०. नालबंद १,४००. एकूण ४६,०८०. दिवाळी आणि नाताळ असे दोन सीझन बुडाले ते वेगळं, आणि माझे पाच महिने. धाकटा भाऊ एकदाच म्हणाला, एवढ्यात थोडे घालून दुसरी घोडी आली असती. त्याचं गणित बरोबर आहे.

३० मार्च, रंगपंचमी

बावधनचं बगाड, म्हणजे तिथली जत्रा. पाहुणे आले, सगळे आधी तबेल्यात. मैना चाळीस मिनिटं चालते, शेवटची दहा दुडक्या चालीने, डांबरी रस्त्यावर नाही, मातीवर. चोचीची नाल काढली, साधी ठोकली. झटका आता वळतानाच दिसतो.

१४ एप्रिल

टेम्पोने पाचगणी. बाकीचे घोडेवाले येऊन पाय बघून गेले. एकाने लगेच विचारलं की त्याच्या शिंगराच्या जखमेवर मोरचूद लावलंय, बरं का. त्याला घरी पाठवून धुवायला लावलं आणि डॉक्टरांचा नंबर दिला.

जांभ्याच्या कडक जागा टाळून, गवताच्या कडेने फेऱ्या. मोठं माणूस बसवायचं नाही असं ठरवलंय, निदान पावसाळ्यापर्यंत. पंचवीस किलोच्या आतली पोरं फक्त. चार फेऱ्या झाल्या, पाचवीला एक जाड गृहस्थ दुप्पट पैसे देत होते, भावाने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली.

रात्री आठला दोन्ही मागचे पाय हाताने पाहिले. डावा गार, सूज नाही. उजवा खूर गार. आबांनी खाली घरून फोन करून नाडी विचारली, सांगितली. उद्या तिला सुट्टी.